पेशंट की पॅसेंजर?



या वेळी विमानतळावरच्या व्हीलचेअरबद्दल बोलणार आहे असं मी गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "अगं, आमची एसटी वेळेवर येईना आणि तू विमानाचं काय सांगतेस?" मावशींचं म्हणणं काही खोटं नाही. पण आता आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी पुणे, बंगळुरू, दुबई नाहीतर अमेरिकेत असतं. लेकीच्या बाळंतपणाला साठी-सत्तरीच्या आया विमानाने जातात. गुडघे साथ देत नाहीत म्हणून मुलगा तिकिटावर व्हीलचेअर मागून ठेवतो. आई खुर्चीत बसते आणि ढकलणाऱ्या पोराला दहा वेळा म्हणते, "बाबा, तुझे फार उपकार झाले."

उपकार मानणं हा आपला चांगला स्वभाव आहे. पण ही खुर्ची उपकार म्हणून तिथे आलेली नाही. ती तिथे यावी म्हणून माणसं भांडली, कोर्टात गेली, काहींना विमानातून खाली उतरवलं गेलं. त्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. ज्याला चालता येत नाही तो माणूस विमान कंपनीच्या लेखी कोण? पेशंट की पॅसेंजर? पेशंट म्हटलं की त्याला न्यायचं की नाही हे दुसरा ठरवतो. पॅसेंजर म्हटलं की तिकीट काढलंय, त्याला नेलंच पाहिजे.

सुरुवात करू अमेरिकेपासून. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक खाण अभियंते होते. खाणीतल्या अपघातात त्यांच्या कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या म्हणजे लाकडाची जड धुडं. घरातल्या घरात फिरायला ठीक, पण मोटारीत घालायची सोय नाही. एव्हरेस्ट यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज हेही अभियंते. दोघांनी मिळून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी नळ्यांची, मधोमध घडी होणारी खुर्ची बनवली. आज दवाखान्यात दिसते ती घडीची व्हीलचेअर त्याच घराण्यातली. खुर्ची मोटारीच्या डिकीत मावायला लागली आणि खुर्चीतला माणूस प्रवासाला निघाला.

त्याच सुमारास विमानातही एक नवी गोष्ट घडली, आणि ती बाईमाणसाने घडवली. एलेन चर्च ही नर्स होती आणि तिला विमान चालवायलाही येत होतं. तिने पायलटची नोकरी मागितली. बाईला कोण पायलट करणार? तेव्हा तिनेच कंपनीला सुचवलं की लोक विमानाला घाबरतात, त्यांना मळमळतं, तर विमानात नर्स ठेवा. १५ मे १९३० रोजी ती जगातली पहिली हवाई सेविका म्हणून विमानात चढली. सुरुवातीच्या काळात या कामावर नर्सच घेत असत.

एलेनने बायकांसाठी एक दार उघडलं, त्याबद्दल तिचं कौतुकच आहे. पण मला यात एक गंमत दिसते. विमानात साध्या धडधाकट प्रवाशाची काळजी घ्यायलाही नर्स होती आणि त्याला कोणी पेशंट म्हटलं नाही. मात्र चाकाच्या खुर्चीतला माणूस आला की लगेच प्रश्न सुरू व्हायचे. डॉक्टरचा दाखला कुठाय? सोबत कोण आहे? काही झालं तर जबाबदार कोण?

असेच प्रश्न ज्युडी ह्युमन यांना विचारले गेले. न्यूयॉर्कच्या या बाईंना लहानपणीच पोलिओ झाला होता आणि त्या व्हीलचेअर वापरत. लहान असताना शाळेने त्यांना घेतलं नाही. कारण काय, तर आग लागली तर त्यांच्या खुर्चीमुळे धोका होईल. शिकून शिक्षिका व्हायला गेल्या तेव्हा परवाना नाकारला. १९७० मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि शिक्षिका झाल्याच. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्या विमानात बसलेल्या असताना त्यांना सांगण्यात आलं, तुमच्यासोबत कोणी नाही, तुम्ही उतरा. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना अटक झाली. विचार करा, तिकीट हातात असलेल्या बाईला स्वतःच्या जागेवर बसून राहिली म्हणून अटक!

पुढे अमेरिकेत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने हा प्रश्न कोर्टात नेला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगांशी भेदभाव करू नये, असा कायदा तिकडे १९७३ पासून होता. सैनिक म्हणाले, विमानतळ सरकारी पैशाने चालतात, मग विमान कंपन्यांनाही हा कायदा लागू करा. जून १९८६ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. पैसा विमानतळाला मिळतो, कंपनीला नाही, असं कोर्टाचं म्हणणं. आपल्या भाषेत सांगायचं तर रस्ता ग्रामपंचायतीच्या पैशाचा असला म्हणून त्यावरून धावणाऱ्या वडापला ग्रामपंचायतीचा नियम लागत नाही, तसं काहीसं.

सैनिक हरले, पण गप्प बसले नाहीत. लोकांचा रेटा असा लागला की त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अमेरिकेत खास विमान कंपन्यांसाठी कायदा झाला, की अपंग प्रवाशाशी भेदभाव करता येणार नाही. १९९० मध्ये त्याचे सविस्तर नियम आले. त्यातले काही नियम अगदी घरगुती वाटावेत असे आहेत. तीस किंवा जास्त जागांच्या नव्या विमानात मार्गिकेच्या कडेच्या निम्म्या सीटचा हाताचा दांडा वर उचलता आला पाहिजे. कशासाठी? तर खुर्चीतून सीटवर माणूस सरकवताना त्याला दांड्यावरून उचलावं लागू नये म्हणून. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय, त्यांना कळेल की एका दांड्याने किती फरक पडतो.

आता इंग्लंडला जाऊ, कारण तिथे दुसराच पेच सुटला. हा पेच आपल्या ओळखीचा आहे. तलाठी म्हणतो ग्रामसेवकाकडे जा, ग्रामसेवक म्हणतो तलाठ्याकडे जा. २००२ साली लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर बॉब रॉस नावाच्या प्रवाशाला विमानापर्यंत जायला व्हीलचेअर लागली. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही अशी अवस्था. खुर्चीचे त्यांच्याकडून १८ पौंड घेतले. रॉस कोर्टात गेले. रायनएअर ही कंपनी म्हणाली, खुर्ची देणं विमानतळाचं काम. विमानतळ म्हणाला, प्रवासी कंपनीचा, तिने बघावं. डिसेंबर २००४ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं, दोघेही जबाबदार.

मग युरोपीय संघाने २००६ मध्ये नियम करून हा तंटा मिटवला. तिथे मदतीची जबाबदारी विमानतळाची आणि प्रवाशाला ती फुकट. खर्च सगळ्या कंपन्यांनी आपापल्या प्रवाशांच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यायचा. २००८ पासून हा नियम पूर्ण लागू झाला. मैत्रिणींनो, हा तर आपला बचत गटाचाच हिशेब! सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि जिला गरज तिच्या कामी यायचं. गरजवंताच्या एकटीच्या पदरातून वसूल करायचं नाही.

आता आपल्या देशात येऊ. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला आणि भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. २००८ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम काढला की कोणत्याही कंपनीने अपंग प्रवाशाला नाकारू नये. कागदावर नियम आला. पण कागदावरचा नियम माणसापर्यंत पोचायला काय लागतं, ते जीजा घोष यांच्या गोष्टीवरून कळतं.

जीजा घोष कोलकात्याच्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या, शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या बाई. फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्यात एक परिषद होती. भरवणारी संस्था आपल्या मुंबईची, ‘अडॅप्ट’. पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली. संस्थेने जीजाताईंचं तिकीट काढलं. १९ फेब्रुवारीला त्या कोलकात्याच्या विमानतळावर स्पाइसजेटच्या विमानात जाऊन बसल्या. कर्मचारी आले, त्यांचा बोर्डिंग पास बघितला आणि उतरा म्हणाले. त्या रडल्या, परिषदेला पोचणं गरजेचं आहे म्हणून सांगितलं. उपयोग झाला नाही. नंतर कळलं की विमानाच्या कॅप्टननेच त्यांना उतरवायला लावलं होतं. त्या धक्क्याने त्यांना जेवण जाईना, झोप लागेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यावं लागलं. गोव्याची परिषद त्यांच्याशिवाय झाली. अपंगांचं म्हणणं ऐकायला भरवलेल्या परिषदेत जिचं म्हणणं ऐकायचं तीच नव्हती.

आता पेशंट आणि पॅसेंजर हा प्रश्न इथे कसा आला बघा. कंपनीने कोर्टात सांगितलं की बाईंची तब्येत बरी दिसत नव्हती, म्हणून उतरवलं. जीजाताईंनी ते नाकारलं. आपणही विचारू, तब्येत बिघडली असं खरंच वाटलं असेल तर आधी काय करायचं? डॉक्टर बोलवायचा. इथे डॉक्टरला न विचारताच उतरवलं. म्हणजे उतरवण्यापुरती ती पेशंट आणि उपचारापुरती ती कोणीच नाही!

जीजाताई आणि अडॅप्ट दोघांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. खटला चार वर्षं चालला. १२ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि आर. के. अग्रवाल यांनी निकाल दिला. कंपनीने १० लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी असा हुकूम झाला. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कोर्टाने सांगितलं की अपंगांचे हक्क माणसाच्या प्रतिष्ठेवर उभे आहेत. खटला चालू असतानाच सरकारने एक समिती नेमली होती आणि २०१४ मध्ये डीजीसीएचे नियम सुधारून निघाले होते. निकालाच्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर केला. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे.

तरी गाडी रुळावर आली असं समजू नका. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला इंडिगोच्या विमानात बसू दिलं नाही. मुलगा घाबरलाय, इतरांना त्याचा धोका आहे, असं कर्मचाऱ्यांचं म्हणणं. सहप्रवासी मध्ये पडले, त्यांच्यातल्या डॉक्टरांनीही शब्द टाकला. विमान गेलं, मूल आणि आईबाप मागे राहिले. डीजीसीएने कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि जुलै २०२२ मध्ये नियम आणखी घट्ट केला. आता एखाद्या प्रवाशाची तब्येत विमानात बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर डॉक्टरने त्या प्रवाशाला समोर तपासून सांगावं लागतं. कर्मचाऱ्याच्या नजरेला काय वाटलं, एवढ्यावर भागत नाही. जीजाताईंना २०१२ मध्ये जे मिळायला हवं होतं ते दहा वर्षांनी नियमात स्पष्ट लिहिलं गेलं.

आणि फेब्रुवारी २०२४ ची मुंबईची गोष्ट तर आपल्या घरातल्या आजी-आजोबांची वाटावी अशी आहे. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध जोडपं आलं. दोघांसाठी व्हीलचेअर मागितलेली होती, पण मिळाली एकच. दुसरीसाठी थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. आजी खुर्चीत बसल्या आणि ८० वर्षांचे आजोबा त्यांच्यासोबत चालत निघाले. वाटेत कोसळले आणि गेले. डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. इथे कोणी खुर्ची नाकारली नव्हती. एक खुर्ची कमी पडली होती, एवढंच. पण त्या "एवढंच"मध्ये एक माणूस गेला. म्हणून मी म्हणते, हक्क पुरेशा खुर्च्यांमध्ये आणि त्या ढकलणाऱ्या पुरेशा माणसांमध्ये मोजायचा असतो.

बायकांच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी सांगते. पहिली तपासणीची. नृत्यांगना सुधा चंद्रन आपल्याला ‘नाचे मयूरी’मुळे माहीत आहेत. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला आणि कृत्रिम पायावर त्या पुन्हा नाचल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की विमानतळावर दर वेळी त्यांना तो पाय काढून दाखवायला लावतात. त्यानंतर सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. एवढ्या नामवंत बाईला हे सांगावं लागतं, तर आपल्या गावातली बाई मुकाट्याने सोसत असेल.

दुसरी गोष्ट शौचालयाची. आपल्याकडची बहुतेक विमानं मधे एकच मार्गिका असलेली असतात आणि त्यांचं शौचालय इतकं चिंचोळं की खुर्ची आत जात नाही. म्हणून व्हीलचेअर वापरणाऱ्या कितीतरी बायका प्रवासाच्या आधी पाणीच पीत नाहीत. अमेरिकेने अशा विमानांत मोठं शौचालय हवं असा नियम २०२३ मध्ये केला, तोही फक्त नव्या विमानांना आणि बऱ्याच वर्षांनी लागू होणारा. म्हणजे ही गोष्ट अजून अर्धीच लिहून झाली आहे.

आता कामाचं बोलू. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. राहून गेलं तर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. नुसतं "व्हीलचेअर पाहिजे" म्हणू नका, कशी मदत हवी ते सांगा. कंपन्यांकडे याचे तीन प्रकार असतात आणि तिकिटावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असतात. शेवटचं अक्षर बघा. ‘आर’ असेल तर पायऱ्या चढता येतात, पण लांब चालवत नाही. ‘एस’ असेल तर पायऱ्याही चढता येत नाहीत. ‘सी’ असेल तर अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. अक्षर चुकलं तर ऐन वेळी शिडीपाशी घोळ होतो. कारण अनेक छोट्या विमानतळांवर इमारतीतून थेट विमानात जाणारा पूल नसतो. तिथे रॅम्प किंवा अँब्युलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, आधी सांगून ठेवावी लागते. आत गेल्यावर मार्गिकेतून जायला वेगळी अरुंद खुर्ची असते.

स्वतःची व्हीलचेअर असेल तर ती सामानाच्या कप्प्यात जाते, तिचं वेगळं भाडं द्यायचं नसतं. बॅटरीची असेल तर बॅटरी कोणत्या प्रकारची हे आधीच कळवा. चढण्या-उतरण्यापुरतीच मदत हवी असेल, तर डॉक्टरच्या दाखल्याचा आग्रह धरायचा नाही असं डीजीसीएच्या नियमात आहे. कोणी दाखला मागितला तर शांतपणे विचारा, कोणत्या नियमाने? उचलून घ्यावं लागणार असेल तर बाई मदतनीस मागायला लाजू नका. कुठे धरायचं आणि कुठे दुखतं हे आधी सांगा, मग हात लावू द्या. तक्रार असेल तर तिथेच लेखी द्या, तारीख-वेळ लिहा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. सरकारच्या ‘एअरसेवा’वरही तक्रार करता येते. आपण गटात ठराव लिहून ठेवतो तो कशासाठी? तोंडी बोललेलं हवेत विरतं म्हणूनच ना?

एक विनंतीही करते. काही जण नुसती रांग टाळायला खुर्ची मागतात, ते बरं नाही. खुर्च्या मोजक्या असतात हे आपण मुंबईच्या गोष्टीत पाहिलं. पण दुसरीकडे, उभं राहिलेलं माणूस बघून "हिला काय झालंय?" असंही म्हणू नका. गुडघ्याचं आणि हृदयाचं दुखणं कपाळावर लिहिलेलं नसतं.

आमच्या काही गटांमध्ये अपंग मैत्रिणी आहेत. हिशेबाला पक्क्या, बोलायला ठाम. पण लांबच्या प्रशिक्षणाला नाव द्या म्हटलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "माझ्यामुळे कोणाला त्रास नको." ज्युडी ह्युमन, माजी सैनिक, बॉब रॉस, जीजा घोष यांनीही असंच म्हटलं असतं, तर आज तुमच्या आईसाठी विमानतळावर खुर्ची नसती. ती आपल्यापर्यंत त्यांच्या हट्टाने आली आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत आपल्या अपंग मैत्रिणीचं नाव यादीत घ्या. ती नको म्हणाली तर कारण विचारा आणि वाटेतली कोणती पायरी अडते ते लिहून काढा. विमान असो, रेल्वे असो की आपली एसटी, पायरी कोणती हे कळलं की ती कोणाला सांगायची हे शोधता येतं. ते शोधायला आपण दहा-बारा जणी आहोतच.